मुद्दल आणि व्याज



आजच्या व्याख्यानाला ‘शाश्वत जीवन’ असे भारदस्त नाव दिले आहे. शब्द नवा असला, तरी त्यातील अर्थ आपल्या आजीला ठाऊक होता. कणगीतले धान्य नवे पीक येईपर्यंत पुरले पाहिजे, आणि पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला पोटात भूक असली तरी हात लावायचा नाही, हा तिचा कायदा होता. व्याजावर जगावे, मुद्दल मोडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हाच विचार शास्त्र म्हणून मांडला. त्यांचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ 1945 साली निघाला. कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे. उपसला की संपतो. जंगलात वर्षभरात जेवढी वाढ होते तेवढेच लाकूड तोडले, तर जंगल कायम राहते. पहिला खर्च मुद्दलातला, दुसरा व्याजातला.

आता ही फूटपट्टी आपल्या रिसोड तालुक्याला लावून पाहू. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन पुढे आले. शेतकऱ्याने हे हौसेने केले नाही. हाती लवकर पैसा येतो आणि रब्बीला रान मोकळे होते, हा त्याचा हिशेब होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु ज्वारीबरोबर कडबाही गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर शेणखत आटले, आणि रान पिशवीतल्या खताच्या भरवशावर उरले. शेताच्या एका कोपऱ्यातला बदल असा साऱ्या घरातून फिरतो. म्हणून म्हणतो, बांधावरच पऱ्हाटी आणि तुराटी पेटवून देणे म्हणजे मुद्दल जाळणे होय. तीच कुजवून मातीत घातली, तर ते व्याज पुन्हा मुद्दलात जमा होते.

पाण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जे पाणी साठते, तेच आपल्या विहिरीत येते. एकाने खोल बोअर घेतले, तर शेजाऱ्याची विहीर आटू शकते. पैसे त्याचे असतील. पाणी मात्र दोघांचे आहे. येथे एकट्याच्या काटकसरीने भागत नाही. मी बादली वाचवली आणि शेजाऱ्याने रात्रभर पंप चालवला, तर माझ्या पुण्याईने गाव कसे तरणार? येथे सर्वांनी मिळून केलेला नियम हवा.

असा नियम महाराष्ट्रात झालेला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, तर माणसांच्या संख्येवर द्यायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही 1989 नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, अशीच वाट धरली. तेथे शेतीसाठी बोअर नाही. पाऊस मोजायचा आणि त्यावरून रब्बीची पिके ग्रामसभेत ठरवायची. त्या गावापेक्षा आपल्याकडे पाऊस बराच अधिक पडतो, हे ध्यानात ठेवावे.

कोणी विचारील, ‘म्हणजे आम्ही पुन्हा कंदिलाच्या उजेडात बसायचे काय?’ मुळीच नाही. दारिद्र्य ही शाश्वत जीवनाची अट नव्हे. खरे म्हणजे मुद्दल मोडल्यानेच दारिद्र्य येते. शिवाय संयमाचा उपदेश नेहमी गरिबालाच करणे हा अन्याय आहे. जो अधिक उपसतो त्याने आधी थांबावे. नायगावच्या नियमातला न्याय तोच आहे.

तेव्हा उद्यापासून काय करावे? घराचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल आणि साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडला, तर पंच्याहत्तर हजार लिटर पाणी छपरावरून वाहते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी साठ हजार लिटर उरते. माणशी रोज पंचावन्न लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला ते सुमारे दोनशे अठरा दिवस पुरावे. एवढी टाकी प्रत्येकाला परवडणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु तेच पाणी गाळून विहिरीत सोडता येते, आणि शोषखड्ड्याला टाकीइतका पैसा लागत नाही. हे घराचे काम झाले. गावाचे काम असे, की ग्रामपंचायतीसमोर एक पर्जन्यमापक आणि एक फळा असावा. पाऊस किती झाला आणि विहिरींना पाणी किती, हे आठवड्याला त्यावर लिहावे. दिवाळीच्या सुमारास ग्रामसभेने तो फळा वाचून मगच गहू-हरभऱ्याचे ठरवावे.

जमाखर्च चारचौघांत मांडला, की भांडणाचा जोर ओसरतो आणि विचाराला जागा होते. केनवडच्या मंडळींनी येत्या मृगापूर्वी तो फळा लावावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.