भाव पडला की चोरीही हलकी होते
(फुलंब्री येथील बैठकीत केलेले भाषण)



पाल, आळंद, वडोद बाजार, जिकडून तिकडून आपण आलात आणि गाऱ्हाणे एकच आणलेत. मोटारीची केबल कापून नेली, वेचून ठेवलेला कापूस रातोरात उचलला, उभ्या ज्वारीची कणसे खुडली. मागणीही एकच: चोराला जबर शिक्षा करा.

शिक्षा वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. साध्या चोरीला पूर्वीप्रमाणेच ३ वर्षांपर्यंत कैद. पण दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान १ आणि कमाल ५ वर्षे सक्तमजुरी. मुद्दाम केलेले नुकसान १ लाखाचे किंवा जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. मग आपल्या रानात फरक का पडत नाही?

कारण नव्या कायद्यांनी ५,००० रुपयांची एक रेघ ओढली आहे. त्याहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र. ठाण्यात 'एनसी' लिहून घेतील, कागद हातात देतील. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही.

आता हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ६० किलो कापसाचे झाले ४,८६६. मायबहिणींची दिवसभराची वेचणी गेली, तरी अदखलपात्र! संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९. सव्वा क्विंटल ज्वारी गेली, घराची दोन-तीन महिन्यांची भाकरी गेली, तरी अदखलपात्र! बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला की आणखी जास्त माल या रेघेखाली जातो. म्हणजे सरकार आपला माल स्वस्त ठेवते आणि तो चोरणेही स्वस्त करून ठेवते.

नुकसानीचेही तेच. जुन्या कायद्यात ५० रुपयांपुढच्या नुकसानीला २ वर्षांपर्यंत कैद होती. आता २०,००० च्या आतले नुकसान असेल तर १ वर्षापर्यंत. पाच गुंठे कपाशी कुणी उपटून टाकली तर ती यातच बसते.

पहिल्यांदा चुकलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर ५,००० च्या आतल्या चोरीला समाजसेवेची शिक्षा आहे. तिला आमचा विरोध नाही. ते पोरही कुण्या कोरडवाहूवाल्याचेच असते. पण तपासच झाला नाही तर माल परत कोण करणार? आणि पहिला गुन्हाच शाबीत झाला नाही, तर दुसऱ्या गुन्ह्याची ५ वर्षे कुणाला लागणार?

आम्ही कृषी महाविद्यालयात पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळे शिकलो. पंचनामा कसा लिहून घ्यायचा हे कुणी शिकवले नाही. ते आता एकमेकांना शिकवू.

माल घरातून किंवा माल ठेवायच्या कोठ्यातून गेला असेल तर तसे स्पष्ट लिहा. तिथे ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ५,००० ची रेघ लागत नाही. पाइप फोडल्याने पिकाचे पाणी तुटले असेल तर 'पाणी तुटले' हे शब्द लिहा. त्याला ५ वर्षांपर्यंतचे वेगळे कलम आहे. कडब्याची गंजी पेटवली तर ७ वर्षांपर्यंत. वजन, त्या दिवसाचा भाव, केबल-स्टार्टरची पावती जोडा. आकडा फुगवू नका. खोटी तक्रार खऱ्या दहा तक्रारी बुडवते. गुन्हा दखलपात्र असेल तर नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

मागणी एवढीच: शेतमाल आणि शेतीची अवजारे यांच्या चोरीला ५,००० ची रेघ नको. कैद किती वर्षांची, हे नंतर पाहू. आधी चोरीला चोरी म्हणा. आणि मालाला भाव द्या.