गव्हाच्या पैशांतून आलेली पुस्तकं
(मंडळाच्या वाचनकट्ट्यावर केलेलं भाषण)



भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना वॉशिंग्टनला नेतो, लायब्ररी ऑफ काँग्रेसचा घुमट दाखवतो, फोटो काढतो आणि निघतो. आज त्या घुमटाखालची गोष्ट सांगते.

२४ एप्रिल १८०० रोजी अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी कायद्यावर सही केली आणि काँग्रेसच्या सभासदांसाठी पुस्तकं घ्यायला ५,००० डॉलर मंजूर झाले. १८१४ साली ब्रिटिश सैन्याने कॅपिटॉल जाळलं, त्यात ही पुस्तकंही गेली. तेव्हा माजी अध्यक्ष जेफरसन यांनी स्वतःचा संग्रह देऊ केला. ६,४८७ पुस्तकं, किंमत २३,९५० डॉलर. यावरून काँग्रेसमध्ये चांगलीच जुंपली. परक्या भाषांतली पुस्तकं आम्हाला कशाला, असाही एक आक्षेप होता. जेफरसन यांचं म्हणणं असं, की लोकप्रतिनिधीला कधीच लागणार नाही असा विषयच नसतो. १८१५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ८१ विरुद्ध ७१ मतांनी खरेदी मंजूर केली. अवघ्या दहा मतांनी!

१८५१ च्या आगीत त्यातली दोन तृतीयांश पुस्तकं जळाली, पण तो विचार टिकला. सभासदांच्या प्रश्नांना माहिती पुरवण्यासाठी १९१४ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. तोच आजची काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस.

आता आपला संबंध. रेशनचा अमेरिकन गहू इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. 'पीएल ४८०' खाली आलेल्या त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले. त्यातल्याच काही रुपयांतून, १९६२ साली दिल्लीत कचेरी उघडून, लायब्ररीने भारतीय भाषांतली पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. त्यांत आपली मराठीही आली. म्हणजे आपण पोळ्या खाल्ल्या आणि आपली पुस्तकं आपल्या आधी अमेरिकेत पोचली!

हे आजच सांगायचं कारण, मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांचा विषय पुढच्या सभेत आहे. "मुलं मराठी वाचत नाहीत, जागा अडते, काढून टाका," असं काहीजण म्हणतात. त्यांची अडचण मला कळते. पण आज कोण वाचतं एवढ्यावरच हिशेब केला असता, तर १८१५ मध्ये ती दहा मतं मिळाली नसती. माझी विनंती एवढीच, की मत देण्याआधी सगळ्यांनी मिळून त्या पुस्तकांची यादी करूया. आणि घरात सोळा वर्षांचं मूल असेल, तर त्याला लायब्ररीचं वाचक-कार्ड काढून द्या. ते फुकट मिळतं. तिथे एक मराठी पुस्तक त्याला स्वतःच्या हाताने मागवू द्या.