नोंद आणि निश्चिती



भाषांतराचे काम करणाऱ्या बाईने संगणकावर बोलावे, याचे आपणांस थोडे नवल वाटेल. परंतु दिल्लीत राहून मी पारिभाषिक शब्दांची एक सूची तयार करीत आहे. ती पायथन या भाषेतील लहानशा प्रोग्रॅमने डेटाबेसमध्ये भरताना मला जो धडा मिळाला, तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

सूचीत १२,००० शब्द होते. माझा प्रोग्रॅम एक शब्द लिही आणि लगेच ‘कमिट’ ही आज्ञा देई. मग दुसरा शब्द, पुन्हा कमिट. काम फार संथ चाले आणि मी जुन्या यंत्राला दोष देत असे. दोष यंत्राचा नव्हता.

कमिट म्हणजे नोंद निश्चित करणे. संगणकाच्या स्मृतीतील मजकूर वीज जाताच पुसला जातो; म्हणून निश्चिती मागितली की मजकूर चकतीवर खरोखर उतरेपर्यंत डेटाबेस थांबून राहतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० फेरे घेते. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये एका निश्चितीस साधारणतः दोन फेरे लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० निश्चिती होतात. या हिशेबाने १२,००० शब्दांना २०० सेकंद हवेत. तेच शब्द सलग लिहून अखेरीस एकदाच कमिट केले, तर काम सेकंदाच्या आत आटोपते. लिहिण्यास वेळ लागतच नाही, लागतो तो खात्री करून घेण्यास. फिरती चकती नसलेल्या आजच्या साठवणीत ही प्रतीक्षा पुष्कळ घटली आहे, पण नाहीशी झालेली नाही.

एकत्र बांधलेल्या अशा नोंदींना ‘ट्रॅन्झॅक्शन’ म्हणतात. मी त्यास ‘व्यवहार’ म्हणते. कारण व्यवहार एक तर पुरा होतो, नाही तर झालाच नाही असे धरले जाते. जिम ग्रे यांनी १९८१ साली या कल्पनेचे गुण आणि मर्यादा विशद केल्या.

मग सर्वच नोंदी एका व्यवहारात का बांधू नयेत? याचे उत्तर रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर मिळते. १९८५ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९९९ पर्यंत देशातील पाचही आरक्षण केंद्रे परस्परांशी जोडली गेली. समजा, सहा जणांचे एक कुटुंब निजामुद्दीनहून पुण्यास निघाले आहे. चार नावे लिहून होताच वीज गेली, तर दोन मुले फलाटावर राहता कामा नयेत. तेव्हा ती सहा नावे मिळून एकच व्यवहार. परंतु वेळ वाचविण्यासाठी रांगेतील पुढच्या शंभर जणांची नावे त्यात गुंफता येणार नाहीत. तिकीट हातात घेऊन माणूस घरी गेला आणि त्याची नोंद मात्र निश्चित झालेली नसली, तर त्याच जागेवर उद्या दुसरा कोणी हक्क सांगेल.

मोठ्या डेटाबेसमध्ये यावर एक मधला मार्ग आहे. अनेक ठिकाणांहून आलेले व्यवहार क्षणभर थांबवून ते एकाच खेपेत चकतीवर उतरवितात. टपालाच्या थैलीत प्रत्येक पत्र आपल्या पाकिटात स्वतंत्र असते, तसा येथे प्रत्येक व्यवहार स्वतंत्रच राहतो; आणि खेप पोहोचल्यावाचून कोणासही ‘काम झाले’ असे सांगितले जात नाही.

हे कळण्यापूर्वी मी एक चूक केली. वेगाच्या मोहाने, हाताने टंकलेल्या दुरुस्त्यांनाही मी एकच कमिट अखेरीस ठेविले. उन्हाळ्यातली दुपार होती. वीज गेली आणि दुपारभराचे काम गेले. मूळ सूची कागदावर होती, ती पुन्हा भरता आली असती. त्या दुरुस्त्या मात्र अन्यत्र कोठेही नव्हत्या.

तेव्हापासून मी सूची एका व्यवहारात भरते आणि दुरुस्ती मात्र एकेक करून निश्चित करते. व्यवहार केवढा असावा, हे ठरविताना घड्याळाकडे अवश्य पाहावे. परंतु त्याआधी स्वतःस विचारावे, की आता वीज गेली तर मला काय पुन्हा मिळविता येईल आणि काय मुळीच मिळविता येणार नाही?