जाळातून गारवा

जाळावर दूध उतू जाते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे; पण जाळावर बर्फ होतो असे कोणी म्हणाले, तर आपण हसू. मीही हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी, माझे थोरले बंधू आणि वहिनी अमेरिकेत पुतण्याकडे गेलो होतो. ॲरिझोनाच्या वाळवंटातून आम्ही त्याच्या फिरत्या घरातून निघालो. फिरते घर म्हणजे चूल, बिछाने, न्हाणीघर सारे काही असलेली मोठी मोटार. वहिनींना मधुमेह. त्यांचे इन्सुलिन गाडीतल्या फ्रिजमध्ये होते. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. पहिली रात्र रानात काढली, तेव्हा फ्रिज गॅसवर उत्तम चालला. पुढच्या मुक्कामाच्या तळावर तो विजेला जोडला. पहाटे गार होता. दुपारी पाहतो तो आतला तापमापक १४ अंश दाखवीत होता! वहिनींचा चेहरा उतरला.

आता हा फ्रिज चालतो कसा, ते पाहू. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये घुरघुरणारा काँप्रेसर असतो. यात तो नाही. यात पाण्यात विरघळलेला अमोनिया असतो. खालून उष्णता दिली की अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या नळ्यांत निवते आणि तिचा द्रव होतो. हा द्रव पुढे हायड्रोजन वायूच्या सहवासात पुन्हा उडून जातो आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते ना? तत्त्व तेच. शेवटी पाणी अमोनियाला पुन्हा शोषून घेते आणि फेरा चालू राहतो. ही युक्ती १९२२ साली स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली. वीज नसलेल्या गावांत लशी गार ठेवायला रॉकेलवर चालणारे असेच फ्रिज वापरात आले.

म्हणजे यंत्राला हवी ती उष्णता. मग ती ज्योतीची असो की विजेच्या हीटरची.

पुतण्या म्हणाला, "काका, एकेक गोष्ट बाद करीत जाऊ." फ्रिज गॅसवर चालतो, म्हणजे नळ्या शाबूत. गाडी सपाट उभी आहे का? यातला द्रव उतारानेच वाहतो, म्हणून गाडी कलली की फेरा अडतो. गाडी सपाट होती. मागची हवेची जाळी मोकळी होती. दाराचे रबर घट्ट होते. पहाटे गारवा होता, म्हणजे हीटर जळालेला नव्हता. मग उरले काय? वीज!

त्याने मीटर लावला. हवेत १२० व्होल्ट. मिळत होते १०२. भर उन्हात तळावरच्या सगळ्या गाड्यांची वातानुकूलन यंत्रे सुरू होती. आपल्याकडे शिवारातले पंप एकदम लागले की घरातला दिवा मिणमिणतो, तसेच हे.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. हीटरची उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १५ टक्क्यांनी घटला, तर उष्णता सुमारे २८ टक्क्यांनी घटते. ३०० वॅटचा हीटर २१७ वॅटवर येतो. ऊन सर्वांत कडक, तेव्हाच यंत्र सर्वांत दुबळे!

उपाय सोपा निघाला. दुपारी फ्रिज गॅसवर, रात्री विजेवर. हा फ्रिज गार व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून सारखे दार उघडायचे नाही असेही ठरले. संध्याकाळी काटा हळूहळू ६ अंशांवर आला. औषधाच्या दुकानात फोन करून विचारले. इन्सुलिन थोडा वेळ १४ अंशांत राहिल्याने वाया गेले नव्हते. वहिनींनी तेव्हा कुठे चहा घेतला.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. अशा फ्रिजजवळ अमोनियाचा उग्र दर्प आला किंवा नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर ती गळती समजावी. तेव्हा यंत्र ताबडतोब बंद करावे, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि काम जाणकारावर सोपवावे.

एरवी यंत्र रुसले, तर लगेच त्याला नावे ठेवू नयेत. आधी त्याच्या पोटात पुरेसे पडते आहे का, ते पाहावे.