घोड्याचे सांधे आणि चूर्णाचा डबा

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड या मार्गानें सांगलीस येते. तिच्या वरच्या अंगास, पांचगणीच्या टेबललँडवरील जांभ्या दगडावर, आजही प्रवाशांना पाठीवर घेऊन घोडीं हिंडत असतात. खालच्या अंगास, सांगलीकडे, घोडागाड्यांच्या शर्यतींचा शौक आहे. दोन्हीं ठिकाणीं धन्याची कमाई घोड्याच्या चार पायांवर उभी असते. सकाळीं ठाणावरून निघतांना घोडा पहिलीं दहा पावलें अवघडून टाकूं लागला, कीं धन्याच्या काळजांत धस्स होतें. मग कोणी तरी एखाद्या डब्याचें नांव सांगतो आणि म्हणतो, “एवढें चूर्ण चारा, सांधे नव्यासारखे होतील.” हा डबा घ्यावा कीं नाहीं, व घेतल्यास कोणता घ्यावा, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम निदान, मग औषध. लंगडणारा प्रत्येक घोडा सांध्याचाच रोगी असतो असें नव्हे. नालाचा खिळा खुराच्या जिवंत भागांत शिरला, तळव्यास खडा टोंचला किंवा पायाची शीर ताणली, तरीही घोडा लंगडतो. तेथें चूर्ण व्यर्थ होय. म्हणून दुकानापूर्वीं पशुवैद्याकडे जावें. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. वय, वजन व कठीण जमीन यांनीं तें झिजतें. डब्यांत बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेलें ग्लुकोसामाइन व जनावरांच्या कूर्चेपासून काढलेलें काँड्रॉइटिन असतें. कूर्चेला लागणारें द्रव्य पोटांतून पुरवावें, अशी ही कल्पना. कल्पना सुंदर खरी. परंतु घोड्यास तोंडावाटें दिलेल्या ग्लुकोसामाइनपैकीं शेंकडा सहाच्या आंतच भाग रक्तांत पोंचतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. कांहीं घोड्यांची चाल सुधारल्याचे दाखले आहेत. झिजलेली कूर्चा पुन्हां भरून येते, असा भरंवसा मात्र कोणीं देऊं नये. शिवाय २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका तपासणींत अशा २३ औषधांपैकीं ९ औषधांत वेष्टणावर लिहिल्यापेक्षां ग्लुकोसामाइन कमी भरलें.

इतकें जाणूनही डबा घ्यावयाचा झाल्यास तो चित्र पाहून घेऊं नये. हिशेब करून घ्यावा. ५०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज सुमारें १० ग्रॅम ग्लुकोसामाइन, अशी मात्रा सामान्यतः सांगतात. आपल्याकडील लहान चणीच्या घोड्यास ती त्या मानानें कमी लागते. वजनासाठीं कांटा नको. छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजून त्याचा वर्ग करावा, खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोंकापर्यंतच्या लांबीनें गुणावा व ११,८८० नें भागावें. घेर १४० व लांबी १५० असल्यास वजन सुमारें २४७ किलो भरतें. मग डब्याची किंमत न पाहतां रोजच्या मात्रेची किंमत पाहावी. स्वस्त डबा पंधरा दिवसांत संपला, तर तो स्वस्त कसला?

डबा सुरू करण्यापूर्वीं घोड्याची सपाट जमिनीवरील चाल मोबाईलवर चित्रित करून ठेवावी. दोन महिने चूर्ण द्यावें. त्या अवधींत नालबंदी, चारा व काम यांत शक्य तों फरक करूं नये, नाहीं तर गुण कशाचा हें कळणार नाहीं. मग पुन्हां चाल पाहावी. फरक नसल्यास डबा बंद करावा. दोन दिवसांत गुण दाखविणाऱ्या चूर्णाविषयीं मात्र संशयच धरावा. त्यांत वेदनाशामक मिसळलेलें असण्याचा संभव असतो. वेदना लपते, घोडा धांवतो, आणि सांधा अधिकच झिजतो.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाकडून खुरांची निगा, बेताचें वजन, कामाआधीं थोडी सावकाश चाल आणि कामानंतर पुरती विश्रांति यांची बरोबरी कोणताही डबा करीत नाहीं. हरभऱ्यांत व नालबंदींत काटकसर करून ज्यानें डबा आणला, त्यानें घोड्याच्याच तोंडचा घास काढून घोड्यास औषध चारलें, असें म्हणावें लागेल.