धडधडते हृदय आणि भूलतज्ज्ञ

हृदयावरील शस्त्रक्रियेचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर शल्यविशारद उभा राहतो. भूलतज्ज्ञ रुग्णाला निद्रा आणतो व बाजूला बसतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. हृदय चालू ठेवून होणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेत तो साफ खोटा ठरतो.

एरवी हृदय थांबवून रक्ताभिसरण हृदय-फुप्फुस यंत्राकडे सोपविले जाते. माणसावर त्याचा यशस्वी उपयोग अमेरिकेत जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये केला. परंतु १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या वसिली कोलेसॉव्ह यांनी यंत्रावाचून, धडधडत्या हृदयावर छातीतील रोहिणी जोडली. पुढे १९९० च्या दशकात हृदयाचा टाक्यांपुरता भाग स्थिर धरणारी उपकरणे आली आणि ही पद्धत रूढ झाली.

यंत्र नाही म्हणजे त्याची कामे भूलतज्ज्ञाकडे आली. यंत्रात रक्त उबदार राखता येते. येथे खोलीच उबदार ठेवावी लागते, शिरेतून द्यावयाचे द्रवही कोमट करावे लागतात. खरी कसोटी मात्र हृदयामागील रोहिणीला जोड देताना लागते. त्यासाठी हृदय उचलून त्याचे टोक वर करावे लागते. उजवा कप्पा दबतो, रक्त पुरेसे भरत नाही आणि रक्तदाब झपाट्याने घसरतो. अशा वेळी टेबल डोक्याकडे झुकवून पायांकडील रक्त हृदयाकडे आणतात. द्रव आणि रक्तवाहिन्या आकसविणारे औषध बेताबेताने देतात. द्रवाचा अतिरेक झाला तर हृदय फुगते, औषधाने ठोके वाढले तर आधीच उपाशी स्नायूची प्राणवायूची भूक वाढते. त्यातच उचललेल्या हृदयाचा विद्युत-आलेख क्षीण उमटतो. भरवसा उरतो तो मुख्यतः रोहिणीतील नळीने क्षणोक्षणी दाखविलेल्या दाबावर आणि उघड्या छातीत दिसणाऱ्या हृदयावर.

दाब सावरत नसेल तर भूलतज्ज्ञाने “हृदय खाली ठेवा” असे स्पष्ट सांगावे आणि शल्यविशारदाने हात थांबवावा. पदाचा मान सांभाळणाऱ्या आपल्या समाजात हे वाटते तितके सोपे नाही.

ही पद्धत सर्वांस श्रेयस्कर असेही नव्हे. १९ देशांतील ४,७५२ रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मूत्रपिंड निकामी होणे यांच्या एकत्रित प्रमाणात तीस दिवसांअखेर दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. २००९ च्या एका अमेरिकी चाचणीत तर वर्षाअखेर यंत्राविना केलेले जोड अधिक प्रमाणात बंद पडलेले दिसले. शिवाय ऐनवेळी घाईने यंत्राकडे वळणे फार धोक्याचे. तो निर्णय वेळीच झालेला बरा. म्हणून यंत्र वापरावयाचे नसले तरी ते सज्ज असते, आणि चालविणारा तंत्रज्ञही जागेवर असतो.