घरचा काटा: दोन्ही तारा जोडा

जळगाव जामोदला कापूस विकायला नेण्याआधी घरीच वजन केलेलं असलं, की बाजारातल्या काट्यावर बोलायला बळ येतं. तर आज घरच्या काट्याबद्दल.

२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल ५ व्होल्टवर पूर्ण भाराला देतो फक्त १० मिलिव्होल्ट, तोही दोन तारांमधला फरक. प्रत्येक तार मात्र अडीच व्होल्टच्या आसपास असते. म्हणून एचएक्स७११ या २४ बिटच्या एडीसीला दोन्ही तारा द्या. एक ग्राउंडला टाकली, तर आकड्यावर भरवसा नाही.

मी गेन १२८ ठेवतो. ±२० मिलिव्होल्टची जागा मिळते. वेग सेकंदाला १० वाचनं, म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण गळते. सेल आणि चिपचा पुरवठा एकच ठेवा. तो जरासा हलला तरी वजन हलत नाही. शेवटी खात्रीचं वजन ठेवून पडताळा घ्या, मगच कापूस चढवा.